गरीब मुलांच्या सुट्टीचे सोबती : संत जॉन बॉस्को

उन्हाळ्याची सुट्टी सर्वच मुलांना सारखी लाभत नाही. सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावी वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. आईवडील मजुरीस गेले की मूल दिवसभर एकटे असते, आणि शहरातील शिबिराचे शुल्क त्या घराला परवडत नाही. अशा मुलांच्या सुट्टीची काळजी कोणी वाहावी? संत जॉन बॉस्को यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

इटलीतील तुरीन शहराजवळच्या बेक्की या वस्तीत १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका शेतकरी कुटुंबात जॉन यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तोच पित्याचे छत्र हरपले. माता मार्गारेट यांनी मोठ्या कष्टाने त्यांना वाढविले. लहानपणी ते दोरीवर चालण्याचे खेळ व हातचलाखी करून गावातील मुलांना जमवीत आणि त्यांच्यासह प्रार्थना म्हणत. ५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तुरीनमध्ये कामाच्या शोधात आलेली अनेक मुले रस्त्यावर वाढत होती. काही तुरुंगातही पोहोचली होती. वेळीच कोणी मित्र भेटला असता तर ती तेथे गेली नसती, अशी या तरुण धर्मगुरूंची खात्री झाली. रविवारी खेळ, धर्मशिक्षण व मिस्साबलिदान यांसाठी ते मुलांना एकत्र आणू लागले. अनेक ठिकाणांहून उठावे लागल्यावर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को येथील एका साध्या शेडमध्ये त्यांना हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी माता मार्गारेटही या मुलांची आई होण्यासाठी तुरीनला आल्या.

शाळांना शरद ऋतूत सुट्टी असे. ऑक्टोबरमध्ये जपमाळेच्या राणीच्या सणासाठी डॉन बॉस्को मुलांना बेक्कीला नेत. तेथे त्यांचे बंधू जोसेफ यांच्या घरी सर्वांचा मुक्काम पडे. अशाच एका सुट्टीत, २ ऑक्टोबर १८५४ रोजी, लोहाराचा बारा वर्षांचा मुलगा डॉमनिक साव्हियो वडिलांसह त्यांना येऊन भेटला. पुढे तोही संतपदास पोहोचला.

पुढे या सहली वाढल्या. १८६४ पर्यंत मुलांचा मोठा मेळा माँफेरातोच्या टेकड्यांतून गावोगावी पायी हिंडे. या सहलींसाठी पैसा नव्हता. गावचे धर्मगुरू व सज्जन लोक झोपायला जागा देत आणि मक्याच्या पिठाचे साधे जेवण वाढीत. मुलेही रिकाम्या हातांनी जात नसत. ती चर्चमध्ये गात, वाद्यवृंद वाजवीत, चौकात नाटके करीत. त्यामुळे ती याचक म्हणून नव्हे, तर गावाला आनंद देणारे पाहुणे म्हणून ओळखली जात. गरीब मुलाला सुट्टीबरोबर सन्मानही मिळे, हेच त्या सहलींचे मोठेपण होय.

३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को प्रभूच्या घरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांचे सेलेशियन बंधू १९२८ मध्ये मुंबईत आले. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा आज सर्वपरिचित आहे.

येत्या मे महिन्यात एखाद्या धर्मग्रामाने सभागृह उघडले, घरोघरीहून मूठभर धान्य आले आणि चार तरुणांनी आठवडाभर वेळ दिला, तर शुल्काविना शिबिर उभे राहू शकते. शेवटच्या दिवशी मुलांनी गावासमोर एखादे गीत वा नाटुकले सादर करावे. त्यातून त्यांना उमगेल की आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे.