विहिरीकाठची बाई आणि केडगावच्या रमाबाई

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या कचेरीत एक तरुण बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. चाकणच्या बाजूला कंत्राटी कामावर होती. दोघी-तिघींत मिळून भाड्याची खोली. बाळाचा बाप्तिस्मा करायचा आहे, एवढेच ती म्हणाली. आम्ही सवयीने वही उघडली आणि लग्नाचा दाखला मागितला. ती गप्प राहिली. बाळाच्या वडिलांचे नाव विचारले, तेव्हाही गप्प. मग कागदपत्रे घेऊन पुन्हा यायला सांगून आम्ही वही मिटली. ती गेली आणि परत आली नाही. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आईबापांच्या लग्नाचा दाखला ही अट नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक होते. तरीही तोंडातून पहिला शब्द निघाला तो दाखल्याचा.

ही गोष्ट मनात घेऊनच आम्ही या उपवासकाळात पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. तो दरवर्षी उपवासकाळात किंवा पास्काच्या आसपासच येतो. त्या आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे आधीच सांगतो. परंतु आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बंधु-भगिनींमध्ये पवित्र आत्मा जे कार्य करतो, ते आपल्याही उभारणीसाठी असते, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली दिली. शिवाय रमाबाईंचे केडगाव आपल्यापासून दूर नाही. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी तिथे थांबते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. बायकांनी संस्कृत शिकू नये अशा त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. आईने तेच धन लेकीला दिले. पुढे घर कर्जात बुडाले आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत पायी फिरू लागले. १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः तिरडी वाहिली. उपाशी माणूस कसा दिसतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो मैल चालत दोघे १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांच्या मुलीची संस्कृत वाणी ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. लग्न नोंदणी पद्धतीने झाले आणि दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना दूर केले. सिल्चरच्या त्या घरात रमाबाईंच्या हाती बंगालीतले लूकचे शुभवर्तमान लागले. उधळ्या पुत्राची आणि दयाळू शोमरोन्याची गोष्ट लूकच सांगतो. बी तिथे पडले. फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा दहा महिन्यांची.

विधवा रमाबाई पुण्याला आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. बायकांना बायका शिक्षिका हव्यात, बायकांना बायका डॉक्टर हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. डॉक्टरकी शिकावी म्हणून त्या १८८३ साली मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात उतरल्या.

इथे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे चाललेले आपले सेवाकार्य दाखवले. ज्या स्त्रियांचे पाऊल घसरले, ज्यांना समाजाने बाहेर टाकले, त्यांना या भगिनी जवळ करत होत्या, त्यांची शुश्रूषा करत होत्या आणि त्यांना नव्याने उभे करत होत्या. रमाबाई सारा देश पायी फिरल्या होत्या, शेकडो देवळांत राहिल्या होत्या. परंतु पतित म्हटलेल्या बाईला कोणी प्रेमाने उचलताना त्यांनी पाहिले नव्हते. असे का करता, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. त्या भगिनीने देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मांडला नाही की त्रैक्याचे रहस्य उलगडले नाही. तिने योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. प्रभू येशू आणि विहिरीवर आलेली शोमरोनी बाई यांची ती भेट.

हा अध्याय आपण उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी मिस्सात ऐकतो, त्या वर्षी ज्या वर्षी वाचनांचे 'अ' चक्र असते. भर दुपारची वेळ. जातीने परकी, पाच नवरे झालेली आणि सहाव्याबरोबर राहणारी बाई एकटीच पाण्याला आलेली. प्रभू तिच्याकडे आधी पाणी मागतो, म्हणजे तिला काहीतरी देण्याजोगी मानतो. मग तिच्या आयुष्यातले खरे तिला सांगतो. ते झाकतही नाही आणि त्यावरून तिला हाकलतही नाही. देवाची उपासना कोणत्या डोंगरावर करावी, हा त्या काळचा मोठा धर्मप्रश्न तिने काढला. आत्म्याने आणि सत्याने करायच्या उपासनेची थोर शिकवण प्रभूने तिच्याशी बोलताना दिली. गावात सुवार्ता घेऊन गेली तीही तीच.

हे ऐकले आणि हाच जगाचा तारणारा, हे रमाबाईंना उमगले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

मित्रहो, इथे थोडे थांबू या. आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक वाद रंगायचा. ज्ञान आधी की प्रेम आधी? ज्याला ओळखत नाही त्याच्यावर प्रेम कसे करणार, असे आम्ही म्हणायचो. ते खरेच आहे. पण संत थॉमस अक्वायनस हेही सांगतात, की या जन्मी देवाला जाणण्यापेक्षा देवावर प्रेम करणे अधिक श्रेष्ठ. परीक्षेत आम्ही ते नीट लिहिले होते. रमाबाईंनी ते फुलहॅममध्ये पाहिले. प्रभूने सगळे नियमशास्त्र दोन आज्ञांत आणले: देवावर सर्वस्वाने प्रेम आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम. रमाबाई दुसऱ्या आज्ञेच्या दाराने आत आल्या आणि त्यांना पहिली सापडली.

म्हणून सिद्धान्त बिनमहत्त्वाचे ठरतात काय? तसे नाही. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी मठातल्या सिस्टर जेरल्डिन यांच्याशी पत्रांतून मोठा वाद घातला. त्रैक्याविषयी आणि प्रभूच्या कुमारी मातेपासून झालेल्या जन्माविषयी त्यांना शंका होत्या. त्या लपवून मुकाट्याने मान डोलावणे त्यांना खोटेपणाचे वाटे. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट कळवले. हे वाचताना आम्हा धर्मगुरूंना टोचते आणि टोचावेच. प्रश्न विचारणारा माणूस श्रद्धाहीन नसतो. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांची प्रभूशी अधिक खोल ओळख झाली. आजवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आता मिळाला, असे त्यांना वाटले. कोणी दटावून त्यांना तिथे नेले नव्हते. त्या प्रामाणिकपणे शोधत तिथे पोहोचल्या.

इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. १८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो समारंभ पाहायला. तिथे हिंदू विधवांच्या स्थितीवर त्यांनी पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि निधी जमवला. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह केलेल्या आनंदीबाई.

सदनात धर्मशिकवणीची सक्ती नव्हती. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून 'केसरी'ने टीकेचे रान उठवले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर सगळे शांत झाले असते. रमाबाईंनी ना कोणाला ओढले, ना दार लावले.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींच्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपलेच बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. शहरात इतक्या जणींना ठेवायला सरकारी बंदी होती. रमाबाईंनी केडगावला आधीच जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना अन्न, एवढ्या हातांना काम. विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले, तेलघाणा आणि छापखाना चालवला. कोणी कोणत्या जातीची, हा प्रश्न पंगतीत उरला नाही. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत. म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी प्रीती सदन झाले. आणि ज्यांचे पाऊल घसरले त्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. फुलहॅममध्ये जे पाहिले, ते रमाबाईंनी केडगावला मराठीत उभे केले.

शेवटची सतरा-अठरा वर्षे त्या आणखी एका कामात गढल्या. बायबलचे तेव्हाचे मराठी भाषांतर पंडिती वळणाचे, खेड्यातल्या बाईला न कळणारे. स्वतः संस्कृतच्या पंडिता असून त्यांनी साध्या मराठीचा ध्यास घेतला. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा मिरज येथे वारल्या. आईवडील, भाऊबहीण, पती आणि आता लेक. तरीही त्या भाषांतराच्या कामावर बसल्या आणि ते पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांनी देह ठेवला. बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे काम आजही सुरू आहे.

प्रिय बंधु-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांची घरे नगरकडून, मराठवाड्यातून, आणखी कुठून कुठून कामासाठी या पट्ट्यात आली. आजही पिंपरी, भोसरी, चाकणला रोज नवी माणसे उतरतात. त्यांत एकट्या मुली असतात, टाकलेल्या बायका असतात. काही जणी मिस्साला येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादाआधी निघून जातात. कोणाशी बोलणे होऊ नये म्हणून. त्यांची कुजबुज करणारेही आपल्यातच असतात. शोमरोनी बाई दुपारच्या उन्हात एकटी पाण्याला आली होती, ती बहुधा असल्याच कुजबुजीमुळे.

अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू कशाविषयी विचारणार, हे त्याने मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आधीच सांगून ठेवले आहे. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. त्या यादीत दाखला नाही.

आम्ही त्या तरुण बाईचा शोध घेत आहोत. तिचे नाव इथे सांगणार नाही, तुम्हीही तर्क करू नका. पण कोणाच्या शेजारी, कोणाच्या लाइनवर तान्ह्या बाळाची अशी एकटी आई राहत असेल, तर तिला एवढेच सांगा की फादरांनी चूक केली, त्यांना ती कळली आहे, आणि बाळाला घेऊन ये. वही आम्ही नंतर उघडू.

हे प्रभू येशू, विहिरीवर दमून बसलेल्या तुला त्या बाईची तहान कळली. आमच्या दारात येणाऱ्याकडे तुझ्या डोळ्यांनी पाहायला आम्हाला शिकव. आमेन.