शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन पोहोचवणारे शंतनुराव किर्लोस्कर

चाकणजवळच्या महाळुंगेत आज बजाजच्या मोटारसायकली बनतात. इंजिनाचे सुटे भाग बनवणं या पट्ट्यात रोजचंच काम. पण ८० वर्षांपूर्वी पुण्यात डिझेल इंजिन बनवायचं म्हणजे मोठं धाडस होतं. ते केलं शंतनुरावांनी.

२८ मे १९०३ ला सोलापुरात त्यांचा जन्म झाला. वडील लक्ष्मणराव म्हणजे लोखंडी नांगरवाले किर्लोस्कर. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि शंतनुराव कारखान्याच्या आवाजातच वाढले. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते वाडीला परतले.

नांगर, पंप झाले. १९४१ मध्ये हरिहरला लेथसारखी यंत्रं बनवणारा कारखाना आला. मग १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स.

आता तुम्ही म्हणाल, नांगर जमला तर इंजिन का नाही जमणार?

तर इंजिनातला एकच भाग बघू, कॅमशाफ्ट. हा दांडा फिरतो आणि त्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. स्प्रिंग ते परत बंद करते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने, म्हणजे ७५० फेरे घेतो. तासाला ४५ हजार. रोज आठ तास पंप चालला, तर तीन दिवसांत प्रत्येक उंचवट्यावर १० लाखांहून जास्त वेळा दाब येतो.

एका दाबाने दांडा मोडत नाही. पण तोच दाब लाखो वेळा आला की धातू थकतो, बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की व्हॉल्व्हच्या वजनामुळे येणारा जोर चौपट होतो. म्हणून पोलाद योग्य लागतं, पृष्ठभाग कडक करावा लागतो आणि ग्राइंडिंग अचूक लागतं. यात कसर राहिली तर ऐन उन्हाळ्यात इंजिन बंद आणि शेतकऱ्याचं पीक वाळून जाणार.

शंतनुराव इथेच थांबले नाहीत. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्ससोबत कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली. त्या इंजिनांत कॅमशाफ्ट व्हॉल्व्हसोबत डिझेलचे इंजेक्टरही दाबायचा. म्हणजे दांड्यावर आणखी भार आणि अचूकतेची आणखी कडक परीक्षा.

१९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २४ एप्रिल १९९४ ला त्यांचं निधन झालं.

आज मोटारसायकलचं इंजिन मिनिटाला ८ हजार फेरे सहज घेतं आणि त्यातला कॅमशाफ्ट ४ हजार. हे काम पुणे-चाकण पट्ट्याच्या अंगवळणी पडलंय, पण त्याची सवय लावणाऱ्या पहिल्या काही कारखान्यांत खडकीचा कारखाना होता.