लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव



यंदा आमची ज्वारी काढून रानात पडली होती, तोवर अवकाळी पाऊस आला. निम्मा कडबा भिजून काळा पडला. वैरण विकत घ्यायची म्हणून अण्णा गोठ्यामागचा जुना लोखंडी नांगर भंगारात घालायला निघाले. आज्जीनं घालू दिला नाही. या नांगरानं घर वर काढलं, असं तिचं म्हणणं. मग असा नांगर आपल्याकडं पहिल्यांदा कुणी केला, याची माहिती मी काढली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण त्यांना सगळे रंग नीट ओळखू येत नसत. मग चित्रं सोडून ते यंत्रांची रेखाटने शिकले व मुंबईतच शिक्षक झाले. भावाबरोबर त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि शेतीची अवजारे बनवू लागले.

आधी त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले. अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खातं आणि बुडखे तुडवतं. कुट्टी केली की सगळं खातं. पाऊस दगा देतो त्या साली हाच फरक मोठा असतो. १९७२ च्या दुष्काळात आमची बैलं कुट्टीवरच जगली, असं आज्जी सांगते.

१९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर रान वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती पालथी करतो. सुगी झाल्यावर रान नांगरलं की हरळी, कुंदा उन्हानं वाळतात, किडींचे कोष उघडे पडून मरतात आणि पहिला पाऊस ढेकळांत मुरतो. पण लोखंडानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. दोन वर्षं नांगर पडून राहिले. लक्ष्मणराव खचले नाहीत. शेतकऱ्यांना पटेपर्यंत त्यांनी दम धरला.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना माळरान दिले. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले! पुढे उसाचे चरक आणि शेंगा फोडायची यंत्रेही तिथे बनली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मी हे सगळं घरी वाचून दाखवलं. पाऊस काही आपल्या हातात नाही. पण उरलेला कडबा आता आम्ही कुट्टी करूनच घालतो, एक काडी वाया जात नाही. पुढच्या साली ज्वारी काढली की लगेच गंज रचून झाकायची, असं अण्णांनी ठरवलंय. नांगर त्यांनी धुऊन ओसरीला ठेवलाय. आमच्या वस्तीवरनं जाताना जरूर बघून जा.