पारिजातकाची नोंद ठेवणारे डॉक्टर

पहाटेच्या मिस्साला जाताना कुणाच्या तरी अंगणात पारिजातकाचा सडा पडलेला आपण पाहतो. रात्री उमलणाऱ्या आणि सूर्योदयाबरोबर गळणाऱ्या या फुलाविषयी १५६३ साली एका डॉक्टरांनी गोव्यात छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवले. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सिया यांचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये झाला. त्यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ साली यहुद्यांना स्पेनमधून घालवून देण्यात आले. पुढे १४९७ साली पोर्तुगालमध्येही यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा घरात वाढलेल्या गार्सिया यांनी स्पेनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवले आणि १५३४ साली ते जहाजाने गोव्यास आले. मायदेशी ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

गोव्यात ते व्हाइसरॉयांवर उपचार करीत, तसेच अहमदनगरच्या निजामशहावरही. मुंबई बेट त्यांना खंडाने मिळाले होते. तेथील त्यांच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, असे त्यांनी लिहिले आहे. पण त्यांचे खरे धन म्हणजे त्यांची जिज्ञासा. हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, बाजारातले व्यापारी अशा सर्वांना ते झाडपाल्याविषयी विचारीत आणि स्वतः पाहून खात्री करून घेत. जुन्या ग्रीक ग्रंथकारांचे चुकले असेल, तर तसे निर्भीडपणे लिहीत.

त्यांचे पुस्तक पोर्तुगीज भाषेत, दोन डॉक्टरांच्या संवादाच्या रूपात आहे. पारिजातकाचा रात्रीचा सुगंध, फुलाच्या केशरी देठाने अन्नाला येणारा रंग आणि सूर्यावर प्रेम करणाऱ्या मुलीची लोककथा हे सारे त्यात आहे. धोतऱ्याबद्दल त्यांनी सावध केले आहे. चोर त्याचे फूल अन्नात मिसळून देतात, माणूस भान हरपून हसत राहतो आणि घर लुटले जाते. अशा रोग्याला ओकारी करवून ते बरे करीत. पटकीच्या रोगाचे त्यांनी बारकाईने वर्णन केले आणि आपला ‘मोडशी’ हा शब्दही नोंदवला. १५६७ साली या पुस्तकाचा लॅटिन सारांश निघाला आणि आपल्या वनस्पतींची माहिती युरोपभर गेली.

१५६८ साली ते वारले. त्यानंतरची हकिकत वाचताना मान खाली जाते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय सुरू झाले होते. १५६९ साली त्यांची बहीण कातारिना हिला जाळून ठार मारण्यात आले. नातलगांच्या जबान्यांवरून गार्सिया यांच्यावरही मनातून यहुदी राहिल्याचा ठपका ठेवण्यात आला आणि १५८० साली त्यांची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या हातांनी इतक्यांच्या नाड्या पाहिल्या, त्यांना मातीतही विसावा मिळाला नाही.

हे आपल्याच लोकांनी, आपल्याच प्रभूच्या नावाने केले. ते झाकण्यात अर्थ नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अशा पापांबद्दल देवाजवळ जाहीर क्षमा मागितली. यहुदी लोकांविरुद्ध केलेली पापेही त्यात होती. आज पणजीतील एका बागेला गार्सिया यांचे नाव आहे.

पारिजातकाच्या पानांचा काढा आजही आपल्याकडे तापावर देतात. हे ज्ञान कुठल्या एका धर्माचे नाही. निर्माणकर्त्या पित्याने ते झाडात ठेवले आणि माणसांनी एकमेकांना विचारून जपले. गार्सिया दुसऱ्या धर्माच्या वैद्यासमोर शिष्यासारखे बसू शकले. आपल्याला शेजाऱ्याकडून तसे शिकता येते का? पुढच्या वेळी तो सडा ओलांडताना त्यांच्यासाठी आणि कातारिनासाठी एक प्रार्थना जरूर म्हणू या.