आयमो लाहती

आयमो योहानेस लाहती (२८ एप्रिल, १८९६ - १९ एप्रिल, १९७०) हे फिनलंडचे शस्त्र-रचनाकार होते. अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेता त्यांनी फिनलंडच्या सैन्यासाठी सब-मशीन गन, लाइट मशीन गन, पिस्तूल आणि रणगाडाविरोधी रायफल अशी अनेक शस्त्रे घडविली. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात कडाक्याच्या थंडीत या शस्त्रांची खरी परीक्षा झाली. तिच्यात त्यांची सुओमी ही सब-मशीन गन विश्वासू ठरली, तर त्यांचीच लाइट मशीन गन सैनिकांच्या नापसंतीस उतरली.

प्रारंभिक जीवन

लाहती यांचा जन्म दक्षिण फिनलंडमधील वियाला येथे झाला. त्या वेळी फिनलंड हा रशियन साम्राज्याचा भाग होता. शालेय शिक्षण संपताच ते गावातील काच कारखान्यात कामाला लागले. बंदुकांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. तरुण वयातच त्यांनी रशियन बनावटीची एक जुनी बर्डान रायफल विकत घेतली होती. डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. पुढे लाहती नव्या राष्ट्राच्या सैन्यात शस्त्रदुरुस्ती करणारे कारागीर म्हणून काम करू लागले. बिघडलेली शस्त्रे उघडून पाहणे आणि ती का बिघडली याचा शोध घेणे हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

सुओमी सब-मशीन गन

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन सैन्याने बर्गमान ही सब-मशीन गन वापरात आणली होती. ती पाहिल्यावर याहून चांगले शस्त्र आपण बनवू शकू, असे लाहती यांना वाटले. त्यांच्या प्रयत्नांतून प्रथम १९२६ चे प्रारूप आणि नंतर १९३१ मध्ये सैन्याने स्वीकारलेली सुओमी केपी/-३१ ही बंदूक तयार झाली. टिक्काकोस्की येथील कारखान्यात तिचे उत्पादन होत असे. ९ मिलिमीटर व्यासाची काडतुसे वापरणाऱ्या या बंदुकीचे वजन काडतुसांविना साधारण साडेचार किलोग्रॅम होते. तिच्यासाठी ७० काडतुसे मावणारे गोल मॅगझिन यर्यो कोस्किनेन यांनी तयार केले.

सुओमीची अंतर्गत रचना साधी होती. जड बोल्ट आणि त्यामागची स्प्रिंग एवढ्यावरच तिचे मुख्य कार्य चाले. बोल्ट मागे ओढण्याचा दांडा बंदुकीच्या मागील बाजूस होता आणि गोळीबार चालू असताना तो बोल्टबरोबर हलत नसे. त्यामुळे त्या दांड्यासाठी बाजूला लांब खाच ठेवावी लागली नाही आणि बर्फाचा चुरा व माती आत शिरण्याची एक वाट बंद झाली. मात्र तिचे भाग पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरून काढावे लागत असल्याने ती महाग पडे.

लाहती-सालोरांता एम/२६

याच काळात लाहती यांनी लेफ्टनंट आर्वो सालोरांता यांच्या सहकार्याने एक लाइट मशीन गन तयार केली. सैन्याने १९२६ मध्ये तिची निवड केली आणि १९३० पासून तिचे उत्पादन सुरू झाले. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने नळी व बोल्ट काही अंतर एकत्र मागे सरकत आणि त्या गतीवर पुढचे काडतूस आत येई. बंदूक अचूक मारा करीत असे. तिचे भाग एकमेकांत अगदी घट्ट बसविलेले होते आणि त्यांची संख्याही मोठी होती. मॅगझिनमध्ये केवळ २० काडतुसे मावत.

थंडीचा शस्त्रांवर होणारा परिणाम

तीव्र थंडीत बंदूक अनेक कारणांनी अडते. वंगणाचे तेल थिजून घट्ट होते आणि सरकणाऱ्या भागांची गती मंदावते. फायरिंग पिनचा आघात दुबळा झाल्यास काडतूस पेटत नाही. थंड दारू सावकाश जळते, त्यामुळे वायूचा दाब आणि त्याबरोबर बोल्टला मागे ढकलणारा जोर कमी होतो. उबदार तंबूत नेलेल्या थंड बंदुकीवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ती पुन्हा बाहेर आणल्यावर तेच पाणी भागांच्या सांध्यांत गोठते. म्हणून अशा प्रदेशात बंदुकीचे तेल जवळजवळ पूर्ण पुसून काढणे आणि ती बाहेरच्या थंडीतच ठेवणे हितकारक असते. भागांमध्ये थोडी मोकळी जागा असल्यास बर्फाचा कण आत शिरूनही यंत्र चालू राहते. जागा अगदी कमी असल्यास तोच कण यंत्र बंद पाडतो.

हिवाळी युद्धातील कसोटी

३० नोव्हेंबर, १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. हे युद्ध १३ मार्च, १९४० पर्यंत चालले. त्या हिवाळ्यात तापमान काही ठिकाणी उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली गेले.

युद्धाच्या आरंभी फिनलंडकडे सुमारे ४,००० सुओमी बंदुका होत्या. स्कीवरून जंगलात फिरणाऱ्या आणि जवळून अचानक हल्ला करणाऱ्या फिनिश तुकड्यांना त्या फार उपयोगी पडल्या. थंडीतही त्या क्वचितच अडत. एम/२६ चा अनुभव मात्र वेगळा होता. तिच्या घट्ट बसविलेल्या भागांत थिजलेले तेल व बर्फ अडकत असे. गारठलेल्या बोटांनी तिचे लहान लहान भाग सुटे करून पुसणे आणि पुन्हा जोडणे हे आघाडीवर अतिशय कठीण काम होते. शत्रूकडून हस्तगत केलेली देग्त्यार्योव मशीन गन मिळाल्यास फिनिश सैनिक एम/२६ सोडून तीच वापरणे पसंत करीत. देग्त्यार्योवचे भाग थोडे होते आणि तिच्या मॅगझिनमध्ये ४७ काडतुसे मावत.

मॅक्झिम मशीन गनच्या फिनलंडमधील सुधारणांतही लाहती यांचा सहभाग होता. या बंदुकीची नळी पाण्याने थंड ठेवावी लागे. एम/३२-३३ या फिनिश आवृत्तीत पाणी भरण्याचे तोंड रुंद करून झाकण बसविले गेले. त्यामुळे पाणी न मिळाल्यास त्यात बर्फही भरता येई. युद्धानंतर सोव्हिएत संघाने आपल्या मॅक्झिममध्ये हीच सोय केली. सोव्हिएत सब-मशीन गनचे गोल मॅगझिनही सुओमीच्या मॅगझिनवरून बनविले गेले.

इतर शस्त्रे

सैन्याने १९३५ मध्ये स्वीकारलेल्या एल-३५ या ९ मिलिमीटर पिस्तुलात लाहती यांनी बोल्टची मागे जाण्याची गती वाढविणारा एक खास भाग बसविला. थंडीने मंद झालेल्या यंत्राला जादा जोर मिळावा, हा त्यामागील उद्देश होता. पिस्तुलाची रचना बंदिस्त असल्याने त्यात बर्फ सहज शिरत नसे. स्वीडननेही या पिस्तुलाची स्वतःची आवृत्ती तयार केली.

एल-३९ ही त्यांची २० मिलिमीटर व्यासाची रणगाडाविरोधी रायफल सुमारे ५० किलोग्रॅम वजनाची होती. ती बर्फात रुतू नये म्हणून तिच्या पुढील पायांना प्लायवुडच्या सपाट पट्ट्या जोडलेल्या असत. व्यास किती असावा यावर दीर्घकाळ मतभेद राहिल्याने तिचे उत्पादन लांबले आणि हिवाळी युद्धात तिचे केवळ दोन नमुने आघाडीवर पोहोचले. रणगाडाविरोधी शस्त्रांची तीव्र टंचाई असताना झालेला हा विलंब फिनलंडला महागात पडला.

एम/२६ च्या अपयशानंतर लाहती यांनी एल-४१ ही नवी मशीन गन तयार केली. तिला फिनिश पुराणकथांतील चमत्कारी जात्याचे, साम्पोचे, नाव मिळाले. या वेळी त्यांनी धक्क्यावर चालणारी रचना सोडून दारूच्या वायूवर चालणारी रचना स्वीकारली. थोड्या नमुन्यांची आघाडीवर चाचणी झाली, परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही. परिणामी एम/२६ नंतरच्या युद्धातही सैन्यात कायम राहिली.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

सप्टेंबर १९४४ मध्ये सोव्हिएत संघाशी युद्धविराम झाल्यावर दोस्त राष्ट्रांचे नियंत्रण मंडळ फिनलंडमध्ये दाखल झाले आणि लाहती यांचे शस्त्ररचनेचे काम थांबले. १९ एप्रिल, १९७० रोजी, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

सुओमीचे उत्पादन परवान्याने स्वीडन, डेन्मार्क व स्वित्झर्लंडमध्येही झाले आणि लाहती यांचे नाव प्रामुख्याने तिच्याशीच जोडले जाते. एम/२६ आणि सुओमी या दोन्ही बंदुका एकाच रचनाकाराच्या, जवळपास एकाच काळातील आणि एकाच देशासाठी बनविलेल्या होत्या. तरीही बर्फात त्यांचे वर्तन परस्परविरुद्ध राहिले. शस्त्राची अचूकता व कारागिरी निवडीच्या वेळी दिसून येते. परंतु थिजलेले तेल, ओले हातमोजे आणि रात्रभर उघड्यावर राहिलेले पोलाद यांचा विचार चाचणीत झाला नाही, तर त्याची किंमत आघाडीवरील सैनिकाला मोजावी लागते. लाहती यांच्या कारकिर्दीचा अभ्यास म्हणूनच त्यांच्या यशाइतकाच त्यांच्या अपयशासाठीही केला जातो.