एरिख आउअरबाख : बायबलमधील कथनाचे अभ्यासक

बायबल हा धर्मग्रंथ आहे. त्याचबरोबर तो कथनाचा एक समृद्ध नमुनाही आहे. ही दृष्टी विसाव्या शतकात रुजविणाऱ्या समीक्षकांमध्ये एरिख आउअरबाख यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८९२ रोजी बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. प्रथम कायद्याची व पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर १९२१ मध्ये भाषा-साहित्याची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. १९२९ पासून ते मारबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. नाझी राजवटीने १९३५ मध्ये, ज्यू म्हणून, त्यांना पदावरून दूर केले. पुढच्या वर्षी ते इस्तंबूलला गेले. तेथेच १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी 'मिमेसिस' हा ग्रंथ लिहिला. हाताशी संदर्भग्रंथ अपुरे असताना मूळ संहितेतील एकेक उतारा बारकाईने वाचणे, हीच त्यांची पद्धती ठरली.

ग्रंथाच्या आरंभी दोन कथनांची तुलना आहे. होमरच्या 'ओडिसी'त वृद्ध दाई पाय धुताना ओडिसियसला जुन्या व्रणावरून ओळखते आणि त्या व्रणाचा इतिहास कवी सविस्तर सांगतो. तेथे सर्व काही प्रकाशात आहे. 'उत्पत्ती'मधील अब्राहाम मात्र पुत्र इसहाकाचा बळी देण्यास निघतो तेव्हा निवेदक लाकडे, अग्नी आणि सुरी यांचा उल्लेख करतो. पित्याच्या मनातील कालवाकालव सांगत नाही. हे मौन वाचकाला अर्थ शोधण्यास भाग पाडते. जुना करार जर्मन जीवनातून हद्दपार करण्याची मागणी नाझीसमर्थक ख्रिस्ती गट करीत होते. त्या काळात हिब्रू कथनाला होमरच्या बरोबरीने बसविणे ही केवळ शैलीची चर्चा नव्हती.

पुढील प्रकरणात पेत्राने केलेल्या येशूच्या नकाराचे विवेचन येते. एका सामान्य कोळ्याचे अंतर्द्वंद्व इतक्या गांभीर्याने चित्रित करणे प्राचीन अभिजात साहित्याच्या संकेतांत बसणारे नव्हते, हे आउअरबाख दाखवून देतात.

१९४७ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. १३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. रॉबर्ट आल्टर यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी बायबलच्या कथनाचा विचार आणखी पुढे नेला.

स्वयं-अध्ययनासाठी : महाभारतातील एकलव्याची कथा वाचा. निवेदक काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची नोंद करा. त्या मौनामुळे आपल्या आकलनात कोणता फरक पडतो, ते दहा ओळींत लिहा.