जिवाणूभक्षकाचे संशोधक : फेलिक्स देरेल

पहिले महायुद्ध सुरू होते. १९१५ साली पॅरिसजवळील मेझों-लाफित येथे घोडदळाच्या सैनिकांत रक्ती आवेची साथ पसरली. तिच्या तपासणीचे काम पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फेलिक्स देरेल (१८७३-१९४९) यांच्याकडे आले. देरेल यांनी सूक्ष्मजीवशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. हे शास्त्र ते स्वतःच्या बळावर शिकले होते.

रुग्णांचा मळ त्यांनी जिवाणू अडकून राहतील अशा चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. तो द्रव आवेच्या जिवाणूंवर घालताच त्यांच्या दाट थरात गोल, मोकळे ठिपके पडले. पुढे एका रुग्णाच्या बाबतीत तर गढूळ जिवाणूद्रव एका रात्रीत नितळ झाला. देरेल रुग्णालयात गेले, तेव्हा रुग्णालाही उतार पडला होता. जिवाणूंना ग्रासणारा हा विषाणू आहे, असे त्यांनी १९१७ साली जाहीर केले व त्याला 'बॅक्टेरिओफाज', म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक ट्वार्ट यांनी १९१५ मध्येच असा परिणाम नोंदवला होता, त्यामुळे श्रेयाचा वाद झाला. शिवाय, न दिसणारा हा विषाणू अनेकांना मान्यच नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसेपर्यंत १९४० साल उजाडले.

देरेल मात्र थांबले नाहीत. १९१९ साली आवेने आजारी असलेल्या एका मुलाला हे औषध देण्यापूर्वी त्यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. १९२७ साली ते भारतात आले. पंजाबात पटकीच्या रुग्णांवर त्यांनी उपचार केले. काही गावांच्या विहिरींतही जिवाणूभक्षक सोडले. त्याआधी १८९६ साली हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे नोंदवले होते. त्यामागे जिवाणूभक्षक असावेत, असा तर्क पुढे मांडला गेला. मात्र म्हणून ते पाणी पिण्यास निर्धोक ठरत नाही. आतड्यातील जिवाणूंचे भक्षक मैल्याबरोबरच पाण्यात उतरतात!

पुढे देरेल यांनी त्बिलिसी येथे मित्र एलियावा यांच्या संस्थेत काम केले. १९३७ साली सोव्हिएत राजवटीने एलियावांना ठार केले. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवले जाऊनही देरेल यांना ते मिळाले नाही. १९४९ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

क्लोरीनने जिवाणू लवकर मरतात, विषाणू मात्र कधी कधी तग धरतात. म्हणून आज पाण्यात मैला मिसळला आहे का, हे पाहण्यासाठी ई. कोलाय जिवाणूचे भक्षकही शोधले जातात. या चाचणीत जिवाणूंच्या थरात पडलेले गोल, मोकळे ठिपकेच मोजतात.